नेल्दाच्या वाढदिवसाचं टेबल

दारातल्या पोरीने "किती जण?" विचारलं आणि रामिरो काँतूंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "दोघं." गेली चाळीस वर्षं बायकोचा वाढदिवस सॅन अँटोनियोतल्या याच हॉटेलात झाला होता. नेल्दाला जाऊन आता पाच महिने झाले होते. चूक सुधारेपर्यंत पोरगी दोन मेनूकार्डं घेऊन चालायलाही लागली होती.

यादिरा नावाच्या वाढपिणीने पाण्याचे दोन ग्लास ठेवले. "बाई येतायत ना? मग फाहिता त्या आल्यावरच आणते, तवा चुरचुरत असताना. गार मांसात काय मजा?"

"हो," रामिरो म्हणाले. "जरा उशीर होतोय तिला."

टॉर्टियाच्या कुरकुरीत तुकड्यांची तिसरी टोपली संपली. दाराशी रांग वाढली. टेबल सोडायला सांगतील या धास्तीने ते म्हणाले, "वाढदिवस आहे तिचा. सत्तरावा."

पाच मिनिटांत यादिरा चार वाढपी, एक गिटारवाला आणि वाढदिवस असेल त्याच्या डोक्यावर चढवायची परातीएवढी टोपी घेऊन हजर झाली.

"अजून नाही आल्या? लावा फोन काका, फोनवरच गाऊ आम्ही."

शेजारची टेबलंही वळून बसली. रामिरोंनी नेल्दाचा नंबर लावला. वाजून वाजून बंद पडेल, मग 'उचलत नाही' म्हणता येईल, एवढाच त्यांचा हिशेब.

दुसऱ्याच रिंगला कुणीतरी उचलला. अख्खं हॉटेल गायलं. गाणं संपल्यावर पलीकडून दबका आवाज आला, "पपा?"

त्यांची मुलगी, ओदिलिया. दफनानंतर दोघं हवापाण्यापलीकडे कधी बोलले नव्हते.

"आईचा फोन तुझ्याकडे?"

"रोज चार्ज करते. बंद करवत नाही." मागे किल्ल्या खुळखुळल्या. "टेबल सोडू नका. आले मी."

वीस मिनिटांनी ती घरातल्याच चपलांवर आली. यादिराने मागून तिच्या डोक्यावर टोपी चढवली, पुढे येऊन चेहरा पाहिला आणि जागीच थबकली.

"सत्तर?"

ओदिलियाने टोपी सरळ केली. "आमच्या घरात कुणी वय दाखवत नाही."

यादिराने रामिरोंकडे नव्याच आदराने पाहिलं आणि फाहिताचा तवा आणून मधोमध ठेवला. रामिरो हसले, पाच महिन्यांत पहिल्यांदाच. हसता हसता खांदे गदगदायला लागले ते थांबेनात. ओदिलियाने त्यांचा हात घट्ट धरला. टोपीच्या झालरीआड तीही रडत होती.

"धूर फार होतोय का?" यादिराने विचारलं आणि पंखा त्यांच्याकडे वळवला.