आबासाहेबांचा पडदा

आबासाहेब कथा वाचायला बसले की आधी पंखा बंद करत. सांगलीतला एप्रिल, माडीवरची पत्र्याची खोली, आम्ही चार श्रोते घामाने निथळतोय, पण पंखा बंद म्हणजे बंद. एकदा मी बटणाकडे हात नेला, तर त्यांच्या घरची जुनी कामवाली तानूबाई ओरडली, "आवं मास्तर, नगा लावू! सायब लय चिडत्यात."

खानदानी माणसाला उकडत नसावं, अशी मी समजूत करून घेतली.

लोणंदच्या पलीकडे कुठेशी त्यांची जहागीर होती. आता भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पण कुठल्याही संस्थानाचं नाव निघालं की ते डोळे मिटून म्हणत, "आमचे पाहुणे ते." एक राजा त्यांचा मामा, दुसरा साडू, आणि तिसऱ्याच्या हत्तीशीसुद्धा त्यांचा घरोबा होता.

त्यांच्या प्रत्येक कथेत एक पडदा असायचा. शिकारीच्या कथेतसुद्धा तंबूला पडदा. शेवटी तो हळूच हलायचा. मी पडलो कॉलेजात मराठी शिकवणारा. लेखकाने साधा चहा लिहिला तरी मी त्यात समाजव्यवस्था शोधणार. त्यात मला घबाडच सापडलं. सरकारने संस्थानिकांचे तनखे बंद केल्यापासून आबासाहेबांच्या कथांतला पडदा हलेनासा झाला होता! पडदा म्हणजे राजसत्ता आणि त्याचं हलणं म्हणजे तिचा श्वास, असा बावीस पानांचा लेख मी लिहिला. साताऱ्याच्या परिसंवादात तो वाचून नाव काढायचं, म्हणून नवा कोटही शिवला. फक्त आबासाहेबांचा होकार हवा होता.

लेख ऐकवायला गेलो, तर त्यांनी पंखा बंद केला आणि मला आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसवलं. दाराला विटका जांभळा पडदा होता. माझं वाचन संपलं तरी ते त्याच्याकडेच पाहत राहिले.

"विद्वत्ता आहे," ते म्हणाले. "पण मास्तर, आमच्याकडे गोषा. आम्ही चारचौघांत वाचायचो, तेव्हा आमच्या बाईसाहेब आत बसून ऐकायच्या. कथा आवडली तर पडदा हलवायच्या. नाही हलला, तर आम्ही ती फाडून टाकायचो."

"मग कथांमधला पडदा?"

"बायकोचं नाव छापायची आमच्यात रीत नव्हती. मग पडदा घातला."

ते विधुर आहेत एवढं मला माहीत होतं. केव्हापासून, हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं. जिन्यात तानूबाईला विचारलं. तनखे बंद झाले, त्याच साली बाईसाहेब गेल्या होत्या. बावीस पानं हातात धरून उभं राहायची मला लाज वाटली.

"आणि पंखा गं?"

"वाऱ्यानं हालला, तर सायबास्नी उगा वाटंल न्हवं, बाईसाबांनी हलिवला म्हून."

साताऱ्याला मी गेलो नाही. पुढच्या रविवारी आबासाहेबांनी नवी कथा काढली. मी मुकाट्याने उठलो आणि पंखा बंद केला.