पेडणेकरकाकांची सर्जरी

आमच्या बहारीनमधल्या, माहूजच्या बिल्डिंगमधले पेडणेकरकाका ताटाची फक्त डावी बाजू मनापासून जेवतात. चटणी, कोशिंबीर, लोणचं, लिंबाची फोड. उजवीकडची भाजी केवळ नाइलाज म्हणून. एकदा मी बटाट्याची भाजी आग्रहाने वाढायला गेले, तर हात आडवा धरून म्हणाले, "मेघा, मी डावं-उजवं करत नाही गो. डावंच करतो."

हे खूळ लंडनचं. तरुणपणी काका कंपनीच्या कामासाठी वर्षभर तिथे होते. गुडघा धरला म्हणून दवाखाना शोधत हिंडले, तर एका दारावर 'सर्जरी', म्हणजे तिकडच्या भाषेत दवाखाना, अशी पाटी दिसली. आत जाऊन बसले, पाळी आली तशी पँट गुडघ्यावर ओढली. समोर बसला होता तिथला खासदार. तिकडचे खासदार लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसतात, त्यालाही सर्जरीच म्हणतात, हे वेंगुर्ल्याच्या माणसाला कोण सांगणार?

खासदार पक्का डावा. आधी बस कंडक्टर, मग युनियनचा पुढारी, मग जन्मभर पार्लमेंटात मागच्या बाकावर. स्वतःच्याच पक्षाविरुद्ध इतक्यांदा मत दिलं, की मंत्रिपद सोडाच, कुणी चहालाही बोलवेना. शेवटी पक्षाने हाकललं, तर पठ्ठ्या अपक्ष उभा राहून निवडून आला. काका हे सांगतात तेव्हा हे खासदारसाहेब त्यांचे सख्खे मामा वाटतात.

म्हणून दर शुक्रवारी सकाळी काका लॉबीत दोन खुर्च्या मांडून स्वतःची 'सर्जरी' भरवत. कुणाचा एसी गळतो, कुणाच्या पार्किंगमध्ये भलतीच गाडी. काका सगळं ऐकून घेत, सोडवत काहीच नसत. मग इथल्या अरबी थाटात "यल्ला, चला, पुढचा पेशंट!" बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये तर एकदा त्यांनी स्वतःच मांडलेल्या ठरावाविरुद्ध हात वर केला. डावा. मी कपाळाला हात लावला.

गेल्या महिन्यात साहेब वारल्याची बातमी आली. त्या शुक्रवारी लॉबीत खुर्च्या नव्हत्या. पुढच्याही शुक्रवारी नव्हत्या. काकू गेल्यापासून काका एकटेच, म्हणून मी डबा घेऊन गेले.

"सर्जरी खलास," काका म्हणाले. डब्यातल्या चटणीलाही त्यांनी बोट लावलं नाही. "त्यांना गुडघ्यातलं काय कळणार होतं, मेघा? पण हसले नाहीत. 'बस, कधीपासून दुखतोय?' असं विचारलं. सगळं ऐकलं, मग हाताला धरून डॉक्टरकडे पोचवलं. त्या शहरात गेल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं गो."

घरी येऊन उगाच नवऱ्यावर डाफरले.

पुढच्या शुक्रवारी मीच दोन खुर्च्या लॉबीत नेल्या आणि काकांची बेल वाजवली. "काका, माझा गुडघा दुखतोय."

"मी काय डॉक्टर आहे?"

"माहितेय मला. चला खाली."

चपला फरफटवत आले. खुर्चीत बसले, चष्मा पुसला.

"बस. कधीपासून दुखतोय?"

गुडघा माझा ठणठणीत होता. पण असं विचारल्यावर जी बोलत सुटले, ती गुडघ्यावरून साताऱ्याला एकट्या राहणाऱ्या आईपर्यंत कधी पोचले, कळलंच नाही. मागे गळक्या एसीवाले शेजारी ताटकळत उभे होते.

काका यल्ला म्हणाले नाहीत.