मंतरलेले डिस्क ब्रेक

या, असे पुढे सरका. गायलेलं प्रवचन असो की माझी गोष्ट, मागच्या रांगेत बसणाऱ्याच्या वाट्याला फक्त डास येतात. आज तुम्हांला सांगतो, लांबच्या प्रवासाच्या सायकलला ब्रेक कसे निवडावेत. या विषयात आपल्या अख्ख्या मे सारियांग गावात माझ्याइतका अभ्यास कुणाचाही नाही! मी हल्ली का लंगडतो, ते ओघाने येईलच.

तर दर कार्तिकी पौर्णिमेला खिंडीपलीकडच्या विहारात मोठं प्रवचन असतं. तेरा अध्याय, पहाटेपासून दिवस कलेपर्यंत, सगळे गाऊन. आमच्याकडे बारा वर्षांना बारा प्राण्यांची नावं; ज्याचा जन्म ज्या प्राण्याच्या वर्षातला, त्याने त्या वर्षाला नेमलेल्या अध्यायाचा यजमान व्हायचं. अध्यायात जितके श्लोक, तितक्या मेणबत्त्या यजमानाने स्वतःच्या हाताने लावायच्या, मगच भन्ते गाणार. मी माकडाच्या वर्षातला. त्यात नवल ते काय, असं माझी बायको सायथोंग गेली तीस वर्षं म्हणते आहे.

माकडाचा अध्याय नव्वद श्लोकांचा. रानात आपली लेकरं शोधत फिरणाऱ्या आईचा. तो गातात भन्ते सिरी. मी नऊ वर्षांचा असताना तो पहिल्यांदा ऐकला आणि आईचा हात जो घट्ट धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही. यंदा डॉक्टरांनी भन्तेंना सांगितलं, गळ्याने रजा मागितली आहे, एवढं एक गा आणि थांबा. म्हणून मी नवस बोललो. यंदाच्या नव्वद मेणबत्त्या खिंड ओलांडून सायकलवर न्यायच्या, स्वतःच्या पायांनी.

सायकल होती. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, मागे दोन पिशव्या. नव्हते ते फक्त भरवशाचे ब्रेक. तीन महिने मी कॉफीच्या टपरीवर त्यावर प्रवचन दिलं. डिस्क ब्रेक हवेत, पण तेलाचे नकोत, तारेचे हवेत. तेलाची नळी डोंगरात फुटली तर तिला मांडीवर घेऊन रडत बसावं लागतं. तार तुटली तर कोणत्याही पाड्यावर मोटारसायकलची तार मिळते. मग तारेच्यातही दोन जाती. एकीत चाकावरच्या चकतीच्या दोन्ही बाजूंचे, तिला चिमटीत धरणारे पॅड सरकतात. दुसरीत एकच सरकतो आणि दुसरा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा जागेवर बसून सगळं बघतो. मी दोन्ही हलणारे घेणार होतो. टपरीवाला शेवटी शेवटी माझ्या कॉफीत साखर घालायला विसरू लागला, इतका तो विषय त्याच्या डोक्यात भिनला होता.

एवढा अभ्यास करून मी मागवले ते निघाले डोंगरी सायकलचे. ते सरळ हँडलसाठी असतात म्हणे. सायकल दुरुस्त करणाऱ्या फिकुनने ते हातात घेतले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ब्रेककडे पाहिलं.

"काका, तुमच्या वाकड्या हँडलवरची ब्रेकची मूठ तार ओढते चिमूटभर. या ब्रेकला लागते पसाभर. हे बसवले तर मूठ हँडलला टेकेल आणि सायकल पुढच्या गावाला."

मी म्हणालो की मला ठाऊकच होतं, तुझी परीक्षा घेत होतो. ती म्हणाली, पास झाले असेन तर आता माझं ऐका. तिने योग्य जातीचे ब्रेक बसवले आणि सपाट रस्त्यावर वीस वेळा दाबून पॅड चकतीला बसवून घ्यायला लावले. सायकल अशी थांबायची, की माझा दात दाताला लागायचा. निघताना तिने बजावलं, चकतीला बोट लावायचं नाही. बोटाचं तेलसुद्धा तिला चालत नाही.

मी मान डोलावली. मनापासून डोलावली, खोटं नाही सांगत.

पण नवं वाहन मंतरून घेतल्याशिवाय घाटात कोण नेतो? आदल्या दिवशी, भन्ते सिरी प्रवचनासाठी खिंडीपलीकडे निघण्याआधी, आमच्या गावातल्या विहारात सायकल त्यांच्यापुढे उभी केली. त्यांनी मंत्र म्हटला, पाणी शिंपडलं, चंदनाच्या तेलात कालवलेल्या पांढऱ्या पुडीचे तीन ठिपके हँडलवर लावले आणि झालं म्हणाले. मी म्हटलं, भन्ते, जिवाला जीव देणार ते ब्रेक, त्यांनाही थोडं लावा. ते म्हणाले, पुरे झालं, खामपन, पुण्य गळून खाली उतरतं.

मला ते पटेना. वाटीत पूड उरली होती आणि ती टाकून देणं म्हणजे पाप. मग घरी आणून मी चारी बाजूंनी, दोन्ही चकत्यांना, सायथोंग भातावर मिरचीची चटणी घालते तशी सढळ हाताने लावली. हे तेल आहे हे माझ्या मनातही आलं नाही. हे तर पुण्य होतं! नंतर ब्रेक दाबूनही पाहिले नाहीत. मंतरलेल्या वस्तूची परीक्षा घेणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सायथोंग आणि फिकुन पिकअपमधून पुढे गेल्या. सायथोंग म्हणाली, सायकल मागे टाका, मेणबत्त्या तरी वेळेवर पोचतील. मी तिच्याकडे करुणेने पाहिलं. खिंडीपर्यंत सगळा चढ, त्यामुळे ब्रेकची गरज नव्हती. चंदनाचा वास येत होता. मी मनात श्लोक म्हणत होतो. माथ्यावर पोचलो तेव्हा हातात तासभर वेळ होता.

मग सहा किलोमीटरचा उतार सुरू झाला. पहिल्या वळणावर मी दोन्ही मुठी दाबल्या.

आवाज काय वर्णावा! दहा डुकरांना एकाच वेळी वाईट बातमी कळावी, तसा. आणि सायकल मात्र जात होती तशीच. मी तार आवळायचा स्क्रू फिरवला. आवाज चढला, वेग उतरेना. दुसऱ्या वळणावर दोन्ही पाय रस्त्याला लावले. तिसऱ्या वळणावर उजवी चप्पल मागे राहिली. चौथ्यावर डावी झिजून कागद झाली. देव, गुरू, आई, फिकुन, सगळ्यांची क्रमाने क्षमा मागितली. पिशवीत नव्वद मेणबत्त्या खडखडत होत्या आणि मी फक्त एवढंच मागत होतो की मी मोडलो तरी चालेल, त्या शाबूत राहोत, नाहीतर भन्तेंचा शेवटचा अध्याय मेणबत्त्यांवाचून राहील.

खाली विहारात घोड्याचा आणि बकरीचा अध्याय आटोपला होता. डोंगरावरून किंचाळी ऐकू येताच तिथल्या वादकांना वाटलं, माकडाचा यजमान स्वतःचे सनईवाले घेऊन येतो आहे. त्यांनी मानाने ढोल वाजवायला घेतला. तेवढ्यात मी आलो.

प्रवचनासाठी विहाराच्या दारात गोष्टीतलं रान उभं करतात. केळीचे खांब, उसाच्या मोळ्या, शहाळ्यांचे घड. त्या दाराला मी थांबण्याची विनंती करायला तोंड उघडलं आणि केळीची पानं तोंडात गेली. केळ पडली, ऊस पडला, शहाळी पायऱ्यांवरून गडगडत थेट सायथोंगच्या रांगेपर्यंत गेली. तिने एक शहाळं उचललं, मांडीवर ठेवलं आणि शेजारणीला शांतपणे सांगितलं, "आमचे हे आले."

फिकुन धावत आली. माझ्याकडे नाही, सायकलकडे. तिने चकतीजवळ नाक नेलं, वास घेतला आणि सायकल माझ्यापासून चार हात लांब नेऊन उभी केली.

मी पिशवी उघडली. नव्वदपैकी सत्तावीस मोडल्या होत्या. बायकांनी वाती पिळून, हातांची ऊब देऊन एकेक जोडली. अनवाणी, सोललेल्या पायांनी लंगडत, कानात केळीचा धागा, अशा अवतारात मी नव्वदच्या नव्वद लावल्या.

भन्ते सिरी आसनावरून सगळं पाहत होते.

"खामपन, मी पूड कुठे लावली होती?"

"हँडलला, भन्ते."

"हँडलने काही त्रास दिला?"

"नाही, भन्ते. सरळ तुमच्यापर्यंत आणलं."

"मग माझं काम चोख झालं," ते म्हणाले आणि त्यांनी गायला घेतलं. पहिल्याच तानेत रानातल्या आईला वाटेत एक माकड भेटलं, सगळ्या अंगाला चंदन फासलेलं, त्याला काही केल्या थांबता येत नव्हतं. तो श्लोक कोणत्याही पोथीत नाही. लोक पोट धरून हसले. मग आई लेकरांना हाका मारू लागली, आणि त्याच लोकांना डोळे पुसायला पदर, उपरणं काहीही पुरेना. शेवटच्या हाकेला भन्तेंचा आवाज फाटला. ती हाक तशीच बरोबर वाटली.

फिकुनने नंतर पॅड बदलले. चकत्या पुसल्या. पुसताना तिने मला बाहेर उभं केलं होतं.

भन्ते आता गात नाहीत. विहारामागे तुळशीला पाणी घालतात, खुणेने बोलतात आणि मी दिसलो की दोन्ही हातांनी ब्रेक दाबून दाखवतात. तर मंडळी, मागणं एवढंच. कधी उतारावर एखाद्या सायकलचा ब्रेक किंचाळला, तर खुशाल हसा, पण क्षणभर हात जोडून आमच्या भन्ते सिरींची आठवण काढा. फक्त ती सायकल तुम्ही स्वतः चालवत असाल, तर हात न जोडता काढा.