लोणच्याची बरणी आणि खाडीतली नथ

"पान्याचा बाप आला तरी या बरनीत थेंब शिरनार न्हाय!" नामानं ओटीवर उभं राहून जाहीर केलं.

"पान्याच्या बापाचं मागाहून बघू," आतून त्याची बायको जनी म्हणाली. "माझी लोनच्याची बरनी कोनाला विचारून रिकामी केलीत, ते आधी सांगा!"

लोणचं नामानं तीन वाट्या, एक तांब्या आणि लेकीच्या, अमिषाच्या, ऑफिसच्या डब्यात काढून ठेवलं होतं. मोठ्या कामात असं थोडंफार व्हायचंच! आणि काम तसं खरंच मोठं होतं. नामा पाण्याखाली चालणारा मेटल डिटेक्टर बनवत होता. घरच्या घरी!

त्याचं कारण बत्तीस वर्षांपूर्वीचं. उरणजवळच्या त्यांच्या खाडीकाठच्या गावात गौर तेरड्याची असते आणि तिला कागदी मुखवटा लावतात. त्या वर्षी मुखवट्याच्या नाकाला जनीची नथ बांधली होती. खरी, सोन्याची, सात मोत्यांची. नामाच्या आजीची नथ आईकडे आली, आईकडून जनीकडे. घरातली प्रत्येक मुलगी-सून तीच घालून बोहल्यावर चढलेली. विसर्जनाआधी नथ सोडून घ्यायचं काम नामाकडे होतं. पण नामाचं गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या दिवशी नुकताच दुरुस्त केलेला स्वतःचा ट्रान्झिस्टर त्याच्या कानाला होता. शेवटच्या दोन षटकांत अठरा धावा हव्या होत्या! मॅच जिंकली, गौर बुडाली, आणि घरी आल्यावर जनीनं विचारलं, "नथ कुठं हाय?"

त्यानंतरच्या प्रत्येक गौरीला नामा मान खाली घालून जनीसाठी अबोलीची वेणी आणत आला. बत्तीस गौरी, बत्तीस वेण्या. जनी वेणी माळायची, नथीबद्दल चकार शब्द काढायची नाही. तिच्या या न बोलण्यानंच नामा जास्त झुरायचा.

आता अमिषाचं लग्न ठरलं होतं. वैशाखात तिथी धरली होती. लग्नाच्या साड्यांसाठी जनीनं जुनी ट्रंक उघडली, घरभर डांबरगोळ्यांचा वास सुटला, आणि त्या वासात बसून नामाला भरून आलं. या घरातून नथीशिवाय बोहल्यावर चढणारी पहिली मुलगी आपली अमिषा! आणि ते कुणामुळे?

"बाबा, मी ऑनलाइन एक मागवते ना," अमिषा म्हणाली. "प्रेसवाली मिळते, टोचायची पण गरज नाही."

"आजीची नथ काय ऑनलाइन मिलते?" नामा कडाडला.

दुकान बंद करून त्याला तीन वर्षं झाली होती. मोबाइल आले आणि रेडिओ गेले. एके काळी सकाळी आठला त्याच्या दुकानाबाहेर रेडिओंची रांग लागायची, आणि कुठला रेडिओ कुणाचा हे तो नुसत्या खरखरीवरून सांगायचा. आता त्यानं त्याच जुन्या सामानातून यंत्र जोडलं. प्लास्टिकच्या पाइपाचा दांडा, खाली ताटलीएवढं तारेचं वेटोळं, वर बरणीत सर्किट आणि बॅटरी. स्पीकर मात्र मुद्दाम त्या मॅचवाल्या ट्रान्झिस्टरचा घेतला. ज्यानं नथ बुडवली, त्यानंच ती शोधून द्यायची!

जमिनीवर यंत्र झकास वाजलं. अडचण होती बटणांची. एक चालू-बंद करायचं, दुसरं कान किती तिखट ठेवायचा ते ठरवणारं. बटण फिरवायचं तर त्याचा दांडा बरणीच्या बाहेर हवा, त्यासाठी भोक हवं, आणि भोक म्हटलं की पाणी आलंच.

नामा सदूकडे गेला. सदू त्याचा बालमित्र, उभा जन्म होड्यांची दुरुस्ती करण्यात गेलेला.

"काय रं नामा, एवढ्याला घाबरलास?" सदू हसला. "होडीच्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो ना? होडी बुडते का? ग्रीस लावलेली सुताची दोरी दांड्याभोवती गुंडालायची, वरून नट आवलायचा. दांडा फिरतो, पानी येत न्हाय!"

तसं केलं. पिंपात बुडवल्यावर बरणीतून तीन बुडबुडे आले. तीनच! पण सदूच्या अब्रूला तेवढे पुरेसे होते.

"आन ती इकडं," तो म्हणाला. "आता होडीचीच दवा करतो."

फळ्यांच्या फटी बुजवतात तसा त्यानं कापूस ठासला आणि वरून राळ-तेलाचा गरम लेप चढवला. झाकणावर चढवला, भोकांवर चढवला, तंद्रीत बटणांवरही चढवला. नामा शेजारी बसून त्याला जुन्या विसर्जनांच्या आठवणी सांगत होता. तेव्हा खाडी पार वडापर्यंत यायची, आता भराव घालून तिथं कंटेनरच्या गाड्या उभ्या राहतात... दोघांचेही डोळे पाणावले. लेप वाळून दगड झाला.

बरणीत आता थेंब शिरत नव्हता. बटणंही फिरत नव्हती. आणि यंत्र चालू राहिलं होतं, कान पुरता तिखट ठेवून!

पुढचे दोन दिवस घरात राम उरला नाही. जनीच्या बांगड्या पाहून यंत्र कुंई करायचं, जोडवी पाहून कुंई करायचं, खिडकीबाहेरून सायकल गेली की मांजरीसारखं रडायचं. शेजारची केसरआत्या चहाला आली. तिच्या गुडघ्यात डॉक्टरांनी स्टीलचा सांधा बसवलेला. ती बसली की यंत्र ओरडायचं, उठली की गप्प व्हायचं. तीनदा उठबस करून आत्या घाबरली.

"नामा, माझ्या गुडघ्यात काय बिघडलंय रं?"

"बिघडलं न्हाय आत्या, चांगला सिग्नल येतोय!"

तासाभरात गावभर झालं की नामाचं यंत्र माणसाच्या हाडातलं लोखंड ओळखतं, आणि तो खाडीत खजिना शोधायला निघालाय.

"लेप फोडा नि ऱ्हाऊ दे आता," जनी म्हणाली. "गेली ती गेली."

"न्हाय जने! पोरीला मी शब्द दिलाय. नथ न्हाय मिलाली तर मांडवात कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

हे बोलताना नामाचा आवाज इतका कातरला की जनी त्याच्याकडे बघतच राहिली. मग ती ट्रंकेच्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"मी पन येते," ती म्हणाली. "तुमी खाडीतला गाल काढा, मी चालनीनं चालून घेते. पोरपनापासून शिंपल्या-तिसऱ्या चालल्यात याच खाडीत."

रविवारी ओहोटीला काठावर अख्खा गाव जमला. नामानं हात जोडले, कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि यंत्र खाली सोडलं. ते टुणकन वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर! आत हवा, वरून सदूची पक्की दवा, बरणी बुडणार कशी? काठावर पोरं शिट्ट्या मारू लागली.

"वजन बांध!" सदू ओरडला आणि पाण्यात उतरून त्यानं जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्यांची माळच यंत्राला गुंडाळली. यंत्र बुडालं. आणि शिसं नाकाशी आल्याबरोबर जे कोकलायला लागलं, ते थांबेचना!

"काय रं, मिलालं काय?" काठावरून कुणी तरी विचारलं.

यंत्र स्वतःच्याच वजनाला भुंकत होतं. खरं सांगावं तर गावापुढे नाक कापलं जाणार. नामा घसा साफ करून म्हणाला, "जोरदार सिग्नल हाय!"

मग वाटेल तिथला गाळ काढायचा, चाळणीत टाकायचा, असं सुरू झालं. एक चमचा निघाला, एक कुलूप निघालं, कुणाच्या तरी स्कूटरचा आरसा निघाला. बत्तीस वर्षांच्या भरतीओहोटीनं ती नथ कुठल्या कुठे नेली असेल, हे नामाला आता पाण्यात उभं राहून कळत होतं. त्याला रडू यायला लागलं.

तेवढ्यात जनी ओरडली, "अवो! हे बघा!"

चाळणीत, काळ्या चिखलात, नथ होती.

काठावर एकच गलका झाला. सदूनं नामाला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि दोघंही पाण्यात पडले. अमिषा धावत आली, रडत रडत बापाच्या गळ्यात पडली. नामानं नथ ओंजळीत घेतली, डोळे मिटले आणि कपाळाला लावली.

आणि त्याला वास आला. डांबरगोळ्यांचा.

नामानं डोळे उघडले. सातही मोती शुभ्र. नथीला बांधलेला लाल दोरा नवाकोरा. त्यानं जनीकडे पाहिलं. जनी चाळणी धुण्यात अगदी गढून गेली होती.

घरी परतताना दोघं मागे राहिले. नामाच्या काखेत बरणी कुंई कुंई करत होती.

"कवा सोडली होतीस?" त्यानं हळूच विचारलं.

"विसर्जनाला निघायच्या आधी," जनी रस्त्याकडे बघत म्हणाली. "तुमच्या कानाला रेडिओ. तुमी काय सोडनार होतात!"

"मग घरी आल्यावर विचारलंस कशाला?"

"गंमत करायला. तुमचं तोंड बघायला. रातच्याला सांगनार होते. पन तुमी रेडिओ बंद केलात. लग्नाला चार वर्सं झाली होती, पयल्यांदाच बंद केलात. माझ्याजवल बसलात, हात धरलात. दुसऱ्या दिवशी वेनी आनलीत. म्हटलं, उद्या सांगू."

"बत्तीस वर्सं उद्या?"

"वेनी येतच ऱ्हायली! आनि आता पोरीच्या लग्नात काढायची कशी, या कालजीनं मला झोप न्हाय. तवा तुमचं यंतर आलं, देवासारखं."

नामानं रागवायचं ठरवलं होतं. पण त्याला ती जुनी सांज आठवली. बंद रेडिओ, दिव्याखाली बसलेली जनी, आणि आपल्या बायकोचा आवाज किती गोड आहे हे त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. राग काही येईना. हसूच यायला लागलं.

दारात पाहतो तर गर्दी! केसरआत्याला लग्नात हरवलेलं पैंजण शोधून हवं होतं, कुणाला विहिरीत पडलेली घागर, कुणाला सासऱ्यानं पुरलेला हंडा. यंत्र बिनकामाचं आहे असं सांगावं, तर नथ आली कुठून? नामा मुकाट्यानं नावं लिहून घेऊ लागला.

"जने," तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "मी उगाच सदूकडं गेलो. तुझ्या तोंडातून बत्तीस वर्सांत एक थेंब गलला न्हाय! बरनीला लेप कसा लावायचा, ते तुलाच इचारायला पायजे होतं."

"लेपाचं ऱ्हाऊ दे," जनी म्हणाली. "नथ मिलाली म्हनून यंदाची वेनी चुकवायची न्हाय. आनि जाताना तांब्यातलं लोनचं बघा, तांब्या हिरवा पडलाय!"