इद्रिसरावांचा हुकलेला रोजा

एका भल्या माणसाचा दिवसभराचा निर्जळी उपास मी गजऱ्यापायी मोडला. तोही ऐन मे महिन्यात, राहुरीत, जिथे दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नाही. तेव्हा मी जेमतेम अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अवकाश होता.

तो माणूस म्हणजे इद्रिसराव, आमच्या माडीवरचे भाडेकरू. सुदानहून इथे शेतकी विद्यापीठात संशोधनाला आलेले. साठवलेला कांदा का सडतो, हा विषय. आमच्या गल्लीत कुणीही हे फुकट सांगितलं असतं, पण त्यांना ते मोजून हवं होतं.

मोजणं हे त्यांचं व्यसन. डाव्या मनगटावर राहुरीचं घड्याळ, उजव्यावर त्यांच्या गावचं. खाटेखाली नंबर लावलेले कांदे ओळीने झोपलेले. मराठी शिकले ते शेतावर खुरपणाऱ्या बायकांकडून, त्यामुळे एवढा शिकलेला माणूस बोलायचा मात्र बांधावरचं. मी म्हटलं, "नळाला सातला पाणी येतं," की लगेच, "पक्कं का अंदाजे?" आमटी कशी करता म्हणून एकदा वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"मीठ किती?"

"चवीपुरतं."

"अंदाजे," ते खिन्नपणे म्हणाले आणि वही मिटून गेले.

मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'आजी' म्हटलं. नातवाने म्हटलं तर ठीक, हे गृहस्थ पस्तिशीचे. आठवडाभर मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलले.

रमजान लागला त्या दुपारी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन माडीवर गेले. म्हटलं, उपासाची आहे, तुपातली.

"आजी, आमच्या उपासाला काईच चालत न्हाई. पानी बी न्हाई."

मला हे पटेना. याला उपास कसा म्हणायचा? आमच्या घरी उपासाला जितकं शिजतं तितकं दिवाळीला शिजत नाही. खिचडी परत आणून मीच खाल्ली. माझा उपास नव्हता, तरी चालली.

पण जीव हळहळला. तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावला आणि वर बघून हाक दिली, "इद्रिसराव, दिवा लागला. बसा आता जेवायला." ते गॅलरीत उभेच होते. त्यांनी खजूर तोंडात टाकला. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग तो रिवाजच पडला. मी पंचांगात सूर्यास्त बघून दिवा लावू लागले. एरवी माझी तिन्हीसांज मालिकेच्या जाहिरातीत उरकायची. मशिदीतली मंडळी त्यांना इफ्तारला बोलवायची. हे 'उद्या येतो' म्हणायचे आणि सांजेला आपले गॅलरीत. त्यातून गंमत अशी की, सहा वाजले की दोन्ही घड्याळं काढून खिडकीत पालथी घालायचे. मला वाटे, त्यांच्या धर्मात तसं सांगितलं असेल.

महिना सरत आला आणि पुणतांब्याला भाचीची हळद निघाली. जीप दारात येऊन उभी. मी मोगऱ्याचा गजरा माळून साडेसहालाच तयार. ओला गजरा, उन्हाळ्याचे दिवस, सुकायला किती वेळ लागणार? आभाळही भरून आलेलं, अंगणात अंधारलेलं. पंचांग कोण बघतंय? दिवा लावला, सवयीने हाक दिली, "बसा आता जेवायला," आणि जीपमध्ये जाऊन बसले.

जीप हलेना. माझ्या जाऊबाईंच्या निऱ्या बसत नव्हत्या. अर्धा तास त्या बसत नव्हत्या. आणि मग, आम्ही दारातच असताना, मशिदीतून मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग झाली.

मी गजऱ्यासकट माडी चढले. इद्रिसराव खाटेवर बसले होते. पुढे धुतलेली ताटली. दोन्ही हातांत एकेक घड्याळ.

"अर्धा तास," ते म्हणाले.

"माझ्यामुळे मोडला हो."

"आजचा रोजा गेला. ईद झाली की एक भरून काढायचा."

"पक्कं?" मी विचारलं. घाबरल्यावर मला त्यांचेच शब्द आठवले.

"पक्कं. तुमी जावा, गजरा सुकंल."

हळदीत माझ्या गजऱ्याचं कुणी कौतुक केलं नाही, हेही इथे सांगून टाकते.

ईदच्या दिवशी त्यांनी चमच्याने मोजून शिरखुर्मा केला आणि गल्लीत अकरा घरी अकरा वाट्या दिल्या. बारावी घेऊन ते माडीवर गेले. मी बघितलं, ती समोर ठेवून ते उजव्या मनगटावरच्या, गावच्या घड्याळाकडे बघत बसले होते.

चार दिवसांनी त्यांनी हुकलेला रोजा धरला. साऱ्या राहुरीत त्या दिवशी दुसरं कुणी उपाशी नसेल. म्हणून मीही धरला, निर्जळी. अकरा वाजता चहा घेतला, पण उभ्याने. दुपारी खिचडी खाल्ली, ती उपासाचीच होती.

संध्याकाळी पंचांग, रेडिओ आणि भिंतीवरचं घड्याळ असे तीन साक्षीदार जमवून मी तुळशीपाशी उभी राहिले. काडी ओढायचा धीर होईना. वर गॅलरीत ते, मनगटं मोकळी. शेवटी मीच म्हटलं, "इद्रिसराव, दोन घड्याळं आहेत, मोबाईल आहे, बांग ऐकू येते. माझ्या दिव्यावर कशाला विसंबता? आज आपलं घड्याळात बघून खा."

ते कठड्यावरून वाकले.

"घड्याळं लई पक्की हायेत, आजी. पन ती 'बसा जेवायला' म्हनत न्हाईत. तुमी हाक मारा. मी थांबतो."