परबअण्णांचा वाघ

दिवेलागणीनंतर आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गेटपासून लिफ्टपर्यंत कुणालाही एकट्याने चालता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे परबअण्णा चालूच देत नाहीत. हातात काठी, गळ्यात शिट्टी. मी ऑफिसातून आले की हे हजर.

"बोलत चल गो. आवाज असलो की वाघ येवचो नाय."

मग स्वतःच बोलतात. कोकणातली माडी, सांधेदुखी, कांदे महागले, सगळं. लिफ्ट आली तरी दार धरून उभे. मी दमलेली, भुकेली. अस्सा वैताग यायचा ना!

आता वाघ कुठला? मागे डोंगराचं जंगल आहे, तिथला बिबट्या एकदा भिंतीवरून चालत गेला, कॅमेऱ्यात दिसला. आमच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सेक्रेटरी समजवायला गेला की तो वाघ नव्हे, बिबट्या. अण्णा म्हणाले, वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो, तू नावं कसली ठेवतोस?

पाय म्हणून ठरत नाही माणसाचा. वाघ मागे लागल्यासारख्या फेऱ्या. झुडूप हललं की शिट्टी. एकदा वरून पडलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या ब्लँकेटलाही काठी उगारून दम दिला होता.

शेवटी सोसायटीने भिंत वाढवली, वर जाळी, मोठे दिवे. मीटिंगमध्ये सगळ्यांनी हात वर केले, अण्णांनी नाही. सेक्रेटरी म्हणाला, आता वाघ येत नाही, अण्णा, तुम्ही रिटायर. सगळे हसले. अण्णांनी शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

त्यानंतर ते खाली दिसेनात. मी गेटपासून लिफ्टपर्यंत सुसाट, आणि काही केल्या करमेना. एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच. सगळ्या खोल्यांत दिवे, टीव्ही मोठ्याने चालू, आणि अण्णा काठी घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घालतायत. काकी गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही.

"अण्णा, एवढं काय त्या वाघाला घाबरायचं?"

ते थांबले. "वाघ एकदाच खातलो गो. घर रोज खाऊक उठता."

मला रडूच आलं. तशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी गेटवर उभी राहून फोन लावला. म्हटलं, झुडपात काहीतरी हललं, एकटीने यायला भीती वाटतेय. अण्णा बाथरूमच्या स्लिपरवरच धावत आले. काठी विसरले होते.

लिफ्ट आली. मी दार उघडलं नाही.

"बोला, अण्णा," मी म्हटलं. "आवाज असला की तो येत नाही."