फटफटीची काळी नळी

सरुबाई नवं लुगडं नेसून नवऱ्याच्या फटफटीवर बसली आणि लोणावळ्याच्या बाजारात उतरली, तेव्हा लुगड्यावर घोट्यापासून पोटरीपर्यंत गंजाचा तांबडा पट्टा उमटला होता. धुराच्या नळीची कृपा!

"ही नळी धड होत न्हाई तवर मी हिच्यावर बसायची न्हाई," ती म्हणाली, "आन् तुमच्या घरात बी ऱ्हायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती माहेरी, बेडशाला गेलीसुद्धा.

महिपती धरणावरचा मुकादम. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची ही जुनी फटफटी त्यानं हौसेनं घेतली होती. चाळीस गड्यांना तो एका आरोळीत कामाला लावी, पण घरातली चूल काही त्याला दाद देईना. तीन आठवडे त्यानं चुरमुऱ्यांवर काढले. बायकोला दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, "नळीचं काय झालं?"

शेवटी तो मकसूदकडे गेला. मकसूद बाजारात स्टो, कंदील आणि सायकली दुरुस्त करी. त्यानं नळी घासूनपुसून तिला असा काळा रंग फासला, की महिपतीला तिच्यात आपल्या मिशा दिसल्या. पण फटफटी सुरू झाली, नळी तापली आणि रंगाला पापडासारखे फोड आले. दहा मिनिटांत सगळा रंग रस्त्यावर आणि नळी पुन्हा तांबडी.

"इस्तवापुढं रंग टिकतोय व्हय!" मकसूदची आई अमिना दारातूनच म्हणाली. "माझा तवा बघ. वीस वर्सं चुलीवर हाय. काळा तो काळाच."

"मग काय करावं, मावशी?"

"तापवायचा, त्याल लावायचं, आर्धा कांदा घेऊन चोळायचा. दोन-तीन डाव केलं की झालं."

नळी काढून अमिनामावशीच्या चुलीवर चढली. तिसऱ्या खेपेलाच ती काळीभोर झाली. पण बायको परत यायची असेल तर तीन खेपांवर भागवणारा महिपती कसला! त्यानं नऊ खेपा केल्या. अर्धा शेर तेल जिरवलं आणि डझनभर कांदे झिजवले. झिजलेल्या कांद्यांच्या चकत्या आणि निम्मं तेल नळीच्या आत गेलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सकाळी धुतलेला फेटा बांधून तो निघाला. कार्ल्यापर्यंत सगळं ठीक होतं. पुढं नळी चांगली तापली आणि मागं खमंग वास सुटला. कामशेतच्या वेशीवर दोन कुत्री मागं लागली, बाजारातून बाहेर पडताना ती सात झाली. चहाच्या दुकानातला एकजण ओरडला, "मुकादम, भज्यांचा घाणा कुटं काढलाय?" फटफटीच्या आवाजात महिपतीला नीट ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, आपल्या नळीचं कौतुक चाललंय. त्यानं ऐटीत हात हलवला.

बेडशाला सासऱ्याच्या अंगणात फटफटी थांबली, तशी कुत्री नळीभोवती गोल करून बसली. ओसरीवर सासरा दत्तोबा माळ ओढत बसला होता. पंचक्रोशीत नावाजलेला माळकरी. कांद्याचं नावसुद्धा तो घेत नसे. 'तो बुळबुळीत गोल' म्हणे. त्यानं नाक वर केलं. माळ थांबली.

"जावईबापू," तो हळूच म्हणाला, "आज काय हाय?"

"मंगळवार, मामा."

"एकादस हाय! आन् तुमी भजी खाऊन आला?"

"न्हाई हो, मामा! पोटात पाण्याबिगर काय बी न्हाई!"

"मग ह्यो वास काय पाण्याला येतोय?"

तेवढ्यात सरुबाई बाहेर आली. नवीन काळ्या नळीकडं तिनं पाहिलंच नाही. ती नवऱ्याच्या जवळ आली, त्याचा सदरा हुंगला, फेटा हुंगला.

"कांदाभजी," ती म्हणाली. "तुमाला तर चूल पेटवाय येत न्हाई. मग तळली कुणी?"

"अगं, ती अमिनामावशीच्या चुलीवर—"

"खोटं! ती म्हातारी तुमाला कशाला भजी तळून घालील? माझ्या चुलीम्होरं कोन बसलीय ती सांगा!"

महिपती खरं सांगायला तोंड उघडणार, तोच ती आत गेली आणि बोचकं घेऊन आली. "चला. आत्ताच्या आत्ता. बघतेच तिला!"

महिपतीनं तोंड मिटलं. तीन आठवडे चुरमुरे खाल्लेल्या माणसाला एवढी अक्कल आलेली असते.

परतीच्या वाटेवर सरुबाई मागं ताठ बसली होती. कुत्री पुन्हा पळू लागली आणि वास पुन्हा सुटला. कार्ल्याच्या पुढं तिनं त्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"थांबवा."

ती उतरली, वाकली, नळीपाशी नाक नेलं. मग एक काडी घेऊन तिनं नळीच्या तोंडातून काहीतरी टोकरून काढलं. कांद्याची चकती होती, चांगली तांबूस कुरकुरीत.

"ह्ये काय?"

महिपतीनं सगळं सांगितलं. रंगाचे फोड, चूल, नऊ खेपा. सांगून झाल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला. बेडसे फार लांब नव्हतं आणि सरुबाईला चालायची सवय होती.

सरुबाईनं पदर तोंडाला लावला. आधी खांदे हलले, मग ती रस्त्याकडेच्या दगडावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"माज्यासाटी नऊ डाव कांदा चोळला?"

"डोळ्यांची पार वाट लागली," महिपती म्हणाला.

मग ती उठली, नळीवरून लुगड्याचा काठ मुद्दाम घासून बघितला. डाग पडला नाही. "बसा म्होरं," ती म्हणाली.

घरी पोचल्यावर सरुबाईनं बापाला नळीची सगळी हकीकत कळवली. दहा दिवसांनी बेडशाहून कार्ड आलं. सरुबाईला वाटलं, एकादशी बाटवल्याबद्दल बापानं जावयाला चांगलंच फैलावर घेतलं असणार. महिपतीनं भीतभीत वाचायला सुरुवात केली.

'चिरंजीव जावईबापू यांस अनेक आशीर्वाद. येत्या मंगळवारी एकादशी आहे. सकाळीच फटफटी घेऊन यावे. अंगणात तासभर चालू ठेवावी. शास्त्रीबुवांना विचारले. नुसत्या वासाने उपास मोडत नाही. नळी धुऊ नये.'